उजवीकडं भरीव वाजतंय

मी आईच्या पोटातनं आधी पाय भायेर काढलं. डोकं मागनं आलं, आन् आमच्या घरातल्यांचं म्हणणं असं की ते अजून पुरतं आलेलंच न्हाय. अशा माणसाला आमच्याकडं पायाळू म्हणत्यात. पायाळूचं काम दोनच. आभाळात इजा कडाडायला लागल्या की पायाळूवरच पडतील म्हणून त्याला घरात कोंडायचं, आन् कुणाला उसण भरली की त्याला भायेर काढायचं. उसण म्हणजे वाकताना, वजन उचलताना पाठीत न्हायतर बरगडीत कळ धरती ती. पायाळूनं दुखत्या जागी पाय लावला की ती जाती, असं आमच्यात मानत्यात. येडशीच्या आजूबाजूच्या चार गावांत पायाळू मी एकलाच. मला अक्षर येईना, पाढा येईना, पण लोकं सकाळी सकाळी दारात पालथी पडून म्हणायची, "हान रं एक लाथ." गावच्या पुढाऱ्याला लाथ मारून वर त्याच्याच घरचा चहा पिलेला माणूस आमच्या भागात मीच.

हे हसायला सांगितलं. आता ज्याच्यासाठी बोलाय बसलो ते सांगतो. ह्या पायावर आन् मागनं ह्या बोटांवर भरवसा ठिवून म्या माझ्या बायकोचा श्वास पणाला लावला. तिला इचारलं बी न्हाय. आन् चार-चार दिसांनी, तो श्वास किती कमी झाला ते माझ्याच हातानं मोजून, खूश झालो.

माझा धंदा फरशी बसवायचा. लोकं मिस्त्री म्हणत्यात. धाराशिवला नव्या कॉलन्यांत काम असतं, कधी जळकोटापतोर जातो. ह्या धंद्यात डोळ्यापरीस कान मोठा. फरशी बसवली, खालचा सिमेंटचा माल वाळला, की दुसऱ्या दिशी बोटाच्या पेरानं न्हायतर हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी ठोकून बघायची. खाली माल नीट भरलेला आसंल तर आवाज भरीव येतो, दगडावर मारल्यागत. खाली हवा राहिली तर पोकळ वाजती. पोकळ वाजली की ती फरशी वरीसभरात फुटणार, न्हायतर उखडणार. घरमालक बी शिकल्यात. खिशातनं रुपया काढत्यात आन् टक टक करत अख्ख्या घरभर उकिडवं फिरत्यात. "मिस्त्री, हिथं पोकळ हाय." म्या पंचवीस वर्सं ह्या एका शब्दाला भेऊन काढली. पोकळ म्हणजे वाईट. भरीव म्हणजे चांगलं. माझ्या टकुऱ्यात एवढं एकच ज्ञान पक्कं बसलेलं, आन् त्यानंच घात केला.

दिवाळी होऊन गेली व्हती. सोयाबीनची पोती वसरीतनं आत सारताना बायको मदीच थांबली, हात बरगडीवर.

"आवं, उसण भरली वाटतं. श्वास घेतला की खुपतंय."

"पालथी पड. घरात दवाखाना असताना भ्यायचं कशाला?"

"हळू लावा. न्हायतर म्हायेरी सांगन, लग्नाला वीस वर्सं झाली तरी लाथा मारत्यात म्हणून."

"सांग की. तुजा भाऊ मागच्या म्हयन्यात हितंच पालथा पडला व्हता."

उजव्या बरगडीच्या मागं, खाली, पाय लावला. तीनदा लावला, तीन दिवस लावला. कळ जाईना. श्वास घेतला की ती जागच्या जागी थांबायची, काटा टोचल्यागत. शेजारच्या काकू, सगळ्या गल्लीच्या जाणत्या, त्यांनी चौथ्या दिशी येऊन तिच्याकडं बघितलं. मग माझ्या पायाकडं बघितलं.

"एका पायात जाती ती उसण," त्या म्हणल्या. "तीन दिसांत गेली न्हाय, तर ती उसण न्हवं."

"मग काय हाय, काकू?"

"मला काय ठावं? पर ते उसणीचं सोंग घेऊन घरात आलंय. दवाखान्यात दाखीव तिला."

मला राग आला. माझ्या पायाची गावात एवढी इज्जत, आन् घरातच त्याला खोटं पाडायचं? म्या म्हणलं, "काकू, पाय घरच्या माणसाला लागत न्हाय, एवढंच हाय ते." असं कुणी म्हणत न्हाय. तवाच म्या ते तयार केलं.

त्याच आठवड्यात धाराशिवच्या एका कामावर रंगारी आला. मान अवघडलेली, आन् जेवायच्या सुट्टीत सोताच्या तोंडावर दोन बोटांनी टपटप मारत बसलेला. मला वाटलं वारं गेलं टकुऱ्यात. त्यानं मोबाईल दावला. त्यात एक बाई सोफ्यावर बसलेली, चांगली शिकलेली, आवाज मधावाणी. ती म्हणती, दुखणं कुठलं बी असू द्या, बोटांनी हळू ठोकायचं. आधी तळहाताची कड. मग भुवई जिथं सुरू व्हती तिथं. डोळ्याच्या कडंला, डोळ्याच्या खाली, नाकाच्या खाली, हनुवटीवर, गळ्याच्या हाडाखाली, काखेच्या खाली, शेवटी टाळूवर. आन् ठोकताना तोंडानं एक वाक्य म्हणायचं. रंगारी म्हणला, मान निम्मी मोकळी झाली.

मला तर हे देवानं धाडल्यागत वाटलं. ठोकणं! माझाच धंदा की. आजवर लोकांनी माझ्या पायाला मान दिला, आता बोटांना मिळणार. त्या दिशी म्या दुपारभर फरशी कमी ठोकली आन् तोंड जास्त. घरमालक आला, दारात थांबून बघत राहिला.

"मिस्त्री, तोंडात मारून घ्यायची पाळी का आली?"

"साहेब, म्या बसवलेली फरशी बघून."

एक गोष्ट कबूल करतो. ती बाई शेवटी असं बी सांगती, की दुखणं नवं आसंल, थांबत नसंल, तर आधी डॉक्टरला दाखवा, हे त्याच्या बदली न्हाय. म्या शेवटापतोर ऐकलंच न्हाय. रंगाऱ्याला दुसरी भिंत मारायची व्हती आन् मला घरी जायची घाई. बाईनं सांगितलं व्हतं. माझं कान तवर घरी पोचलं व्हतं.

सांजच्याला बायकोला चुलीफुडनं उठवून पाटावर बसवली.

"म्हण. मला जरी उसण भरली असली, तरी मी सोताचा स्वीकार करते."

"काय करते?"

"स्वीकार. स्वी-कार."

"मला जरी उसण भरली असली," ती डोळं मिटून म्हणली, "तरी मी सोताची शिकार करते."

"शिकार न्हाय गं!"

"तुमी हनुवटीवर टपटप मारताय, तोंड उघडतंय मिटतंय, जे निघंल ते ऐका."

आमी लई हसलो. हसताना तिची कळ उठली आन् ती बरगडी धरून वाकली, तरी हसत व्हती. मग रोज तेच झालं. मी ठोकायचो, ती म्हणायची, मी सोताची शिकार करते. म्या सुधारायचं सोडून दिलं. आता ते वाक्य आठवतं. शिकार चालूच व्हती की. तिला ठावं नव्हतं कोण करतंय, आन् मला ठावं नव्हतं माझ्या हातात काय हाय.

चार-पाच दिसांत कळ कमी झाली. खरंच झाली. खोटं सांगत न्हाय. श्वास घेताना थांबायची ती थांबंना झाली. माझी छाती फुगली. आता एवढा गुण आला तर आपल्या पदरचं बी काय तरी घालावं, असं माझ्यासारख्याला वाटणारच. म्या म्हणलं, बाई तोंडावर ठोकती, दुखतंय पाठीत. थेट जागेवरच ठोकून बघू. डावा पंजा पाठीवर सपाट ठिवला आन् उजव्या बोटानं त्याच्यावर ठोकलं, फरशीवर कपडा ठिवून ठोकतो तसं, म्हणजे तिला लागायचं न्हाय.

डावीकडं ठोकलं. पोकळ.

वरपासनं खालपतोर पोकळ, रिकाम्या डब्यागत. उजवीकडं वर ठोकलं, तिथं बी पोकळ. पण खाली, जिथं तिला उसण भरली व्हती, तिथं आवाज आला भरीव. घट्ट. खाली माल ठासून भरलेल्या फरशीगत. म्या तीनदा ठोकून बघितलं. असा पक्का आवाज माझ्या सोताच्या कामात बी कवा कवाच येतो.

"काय झालं? गप का झालाव?"

"आगं, उजवीकडं भरीव वाजतंय! जिथं ठोकलं तिथं पक्कं झालं. पर तुजी डावीकडची बाजू सगळी पोकळ हाय."

"डावीकडं मला काय बी होत न्हाय."

"आज न्हाय. पोकळ फरशी आज फुटत नसती. वरीसभरात फुटती."

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "मी माणूस हाय का मोरी?"

पण म्या कानामागची पेन्सिल काढलीच. भरीव आवाज जिथं सुरू व्हतो तिथं, पाठीवर, आडवी रेघ मारली. कामाची सवय. आज कुठवर आलं, उद्या कुठनं सुरू करायचं. आंघोळीनं पुसट झाली की तीच परत गिरवायची. त्या दिशी रेघ बरगडीच्या खालच्या कडंपासनं चार बोटं वर व्हती.

तिथनं फुडं म्या रोज डावीकडं ठोकायला लागलो, ती पोकळ बाजू भरून निघावी म्हणून. डावी काय भराय तयार नव्हती. उजवी मातर न ठोकता भरत चालली. चार दिसांनी बघितलं, भरीव आवाज रेघेच्या दोन बोटं वर. नवी रेघ मारली. पुन्यांदा चार दिसांनी आणखी दोन बोटं. तिसरी रेघ. कळ तर पुरती गेली. एकदम. हात लावला तरी न्हाय, वाकली तरी न्हाय.

म्या गावभर सांगितलं. लोकं यायला लागली, कुणाचा गुडघा, कुणाचं डोकं. काहींना बरं बी वाटलं. डोकं दुखणाऱ्या माणसाला घटकाभर डोळं मिटून कुणी मायेनं हात लावला तर बरं वाटणारच की. मला वाटलं, आता पायाला चप्पल घालायला हरकत न्हाय, आता बोटांचा जमाना आला.

आता तवाचं जे दिसत व्हतं आन् म्या उलटं वाचलं, ते सांगतो. उलटा जन्मलेला माणूस, उलटंच वाचणार.

माझी बायको टोमणं मारायची. चांगलं लांब टोमणं. चुलीपाशी सुरू केला की गल्लीच्या कोपऱ्यापतोर मला पुरायचा, मदी कुठं थांबा न्हाय. त्या दिसांत टोमणं आखूड झालं. "तुमाला अक्कल..." म्हणायची, थांबायची, "...न्हाय." मग नुसतंच "तुमाला..." म्हणून हात हालवायची. मला वाटलं, ठोकण्यानं बायकोचा सोभाव निवळला. म्या रंगाऱ्याला सांगितलं बी, "मर्दा, त्या व्हिडिओनं बायको बी गरीब व्हती."

सांजच्याला तिचं अंग कोमट लागायचं. म्या म्हणलं, चुलीफुडं बसती म्हणून. कोरडी ढास यायची. म्या म्हणलं, सोयाबीनचा भुसा. झोपताना उजव्या कुशीवरच, भिंतीकडं तोंड करून, दुसऱ्या कुशीवर तिला जमंना. म्या म्हणलं, माझ्यावर रुसली. हापशावरनं घागर आणताना दोनदा खाली ठिवायची. त्याच्यावर म्या काय म्हणलं ते आठवत न्हाय, पण काय तरी चांगलंच उलटं म्हणलं असणार.

काकू एकदा दारात आल्या. बायको ज्वारी निवडत बसलेली. काकू घटकाभर बसल्या आन् जाताना मला म्हणल्या, "तुजी बायको बोलंना झाली रं."

"दुखणं गेलं तिचं, काकू. आता तक्रार कशाची करंल?"

काकू म्हणल्या, "दुखणं गेलं न्हाय. गप बसलंय."

त्या दिशी म्या हसलो. पण सांजच्याला पुन्यांदा ठोकलं. चौथी रेघ मारली तवा ती खांद्यामागच्या पसरट हाडाच्या खालच्या टोकाला टेकली व्हती. चार रेघा, एकावर एक, पायऱ्यांवाणी. खालनं काय तरी वर चढत व्हतं. मी त्याला पायऱ्या आखून देत व्हतो.

मग ते पिंपाचं झालं.

धाराशिवच्या कामावर सिमेंट कालवायला पाणी लोखंडी पिंपात भरलेलं असायचं. पिंप उंच, वर फळी, फळीवर विटा. माझा जोडीदार माल कालवत व्हता. तो म्हणला, "मिस्त्री, पाणी पुरंल का बघ की. फळी काढायची गरज न्हाय, ठोकून बघ."

हे तर कुणाला बी येतं. वरपासनं ठोकत खाली यायचं. म्या बोटाच्या पेरानं ठोकलं. टण. टण. टण. पोकळ. आणखी खाली. टण. आणखी खाली.

थप.

भरीव. घट्ट. पक्कं.

माझं बोट तिथंच राहिलं. वर ठोकलं, टण. खाली ठोकलं, थप. वर हवा, खाली पाणी. मदी सरळ आडवी रेघ. म्या कानामागनं पेन्सिल कवा काढली मला कळलं न्हाय, पण पिंपावर रेघ मारलेली दिसली. तशीच रेघ. हाताच्या त्याच वळणाची.

"किती हाय?" जोडीदार म्हणला.

म्या त्या रेघेवर बोट फिरवलं.

"आरं, किती हाय पाणी?"

"खांद्यापतोर," म्या म्हणलं.

तो हसला. त्याला वाटलं माझी नेहमीची मस्करी. म्या थापी खाली टाकली, गाडीला किक मारली. मागनं तो वरडत व्हता, "माल कालवलाय! वाळून दगड व्हईल!" व्हऊ दे. आयुष्यात पयल्यांदा कालवलेला माल टाकून पळालो. येडशीपतोरचा रस्ता मला आठवत न्हाय. माणसाच्या आत हवा पायजे, एवढं शेंबड्या पोराला कळतं. श्वास घेतो म्हणजे काय घेतो, माल घेतो का? म्या बारा दिवस चांगली बाजू ठोकत बसलो, आन् बुडणाऱ्या बाजूला शाबासकी दिली.

घरी पोचलो तवा ऊन टळलेलं. ती उंबऱ्याला टेकून बसलेली, दोन्ही हात गुडघ्यावर रोवून, खांदं वर.

"आज... लवकर... कसं?"

तीन शब्द, तीन श्वास. म्या चपला बी न काढता तिच्या मागं गेलो. पंजा ठिवला, ठोकलं. चौथ्या रेघेवर थप. एक बोट वर, थप. दोन बोटं वर, थप. तीन बोटं वर जाऊन टण आलं. तिथनं वर तिच्या उजव्या बाजूला हवेला जागा राहिली व्हती ती माझ्या पंजाएवढी. बोटं धरून न्हाय, नुसता तळवा.

"काय... वाजतंय?"

"चल," म्या म्हणलं. "दवाखान्यात चल."

"दुखत... न्हाय की."

"म्हणूनच चल."

काकूंनी काय बी न इचारता शेजारच्याची जीप बोलवली. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाय, ते बरं केलं.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीण बाई वयानं ल्हान. तिनं बायकोला स्टुलावर बसवलं, पाठीवर डावा पंजा सपाट ठिवला, आन् उजव्या बोटानं त्याच्यावर ठोकलं. टक, टक, टक. वरनं खाली. मी बघतच राहिलो. माझंच ठोकणं. पंजा तसाच, बोट तसंच. फक्त तिला आवाजाचा अर्थ येत व्हता.

मग ती थांबली. वाकून बघितलं.

"ह्या पेन्सिलच्या रेघा कुणी मारल्या?"

मला वाटलं आता पोलीस. "म्या मारल्या, बाई."

"कशासाठी?"

"आवाज कुठवर भरीव येतो ते बघायला. मी फरशी बसवतो."

तिनं खालची रेघ बघितली, वरची बघितली. "ही खालची कधीची?"

"बारा-तेरा दिसांची."

"बारा दिवस तुम्ही छातीतलं पाणी मोजत होता?" ती रागवून न्हाय म्हणली. रागावली असती तर परवडलं असतं. "मग आणलं का नाही?"

"दुखायचं थांबलं व्हतं, बाई. मला वाटलं गुण आला."

"अहो, फुप्फुसाचं आवरण सुजलं होतं, ते श्वास घेताना एकमेकांवर घासायचं, म्हणून दुखत होतं. मधे पाणी भरलं, घासायचं थांबलं. पाणी भरलं म्हणून दुखायचं थांबलं."

हे वाक्य माझ्या डोक्यावर कुणी तरी रोज ठोकतं. टाळूवर. शेवटच्या जागी.

फोटो काढला. डॉक्टरीण बाईंनी तो उजेडाला धरला. एक बाजू काळी, एक बाजू पांढरीफटक. पांढरी म्हणजे भरलेली. "पाण्यानं हृदय सुद्धा डावीकडं ढकललंय, बघा," ती म्हणली आन् बोट ठिवलं. जिथं बोट ठिवलं, तिथंच मी रोज सांजच्याला ठोकत व्हतो, पोकळ हाय म्हणून. तिचं काळीज जागा सोडून पळत पळत तिथं येऊन थांबलेलं, आन् मी वरनं दार ठोठावत व्हतो.

सुई घातली. पाणी पिवळं निघालं, वरणावरच्या निवळीवाणी. बाटली भरत चालली. मी बाटलीकडं बघायचं न्हाय म्हणून भिंतीकडं बघत व्हतो. भिंतीला फरशी बसवलेली. खोटं कशाला सांगू, बोट आपोआप ठोकायला वर गेलं. बायकोनं बघितलं. सुई पाठीत असताना तिनं डोळं वटारलं, आन् मी हात खिशात घातला.

पाण्याचा तपास झाला. टीबी निघाला. मी म्हणलं, ढास तर एवढीशी व्हती. डॉक्टरीण बाई म्हणली, तो असाही येतो. गोळ्या म्हयनोन्म्हयने घ्यायच्या, एक बी दिवस चुकवायचा न्हाय, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं. जाताना तिनं मला थांबवलं.

"मिस्त्री, तुमचा कान चांगला आहे. पण कानानं कळलं की पाय उचलायचे. कुणाला लावायचे नाहीत, इकडं यायचं."

ही त्या काकूंच्या गल्लीतलीच कुणी तरी असावी.

आता गोळ्या चालू हायत. बायको रोज सकाळी उपाशीपोटी घेती, मी समोर उभा राहतो, गिळंपतोर हालत न्हाय. लोकं अजून उसण घेऊन येत्यात. मी म्हणतो, "पाय लावतो, पर दोन दिसांत गेली न्हाय तर दवाखान्यात जायाचं, आन् श्वासाला खुपत आसंल तर पाय बी लावत न्हाय." लोकं म्हणत्यात, पायाळूला गुर्मी आली. डोकं दुखलं तर बायको अजून मला कपाळ ठोकाय लावती, भुवई, डोळ्याची कड, हनुवटी. बरं वाटतं म्हणती. शिकारीचं वाक्य मातर म्या बंद केलं.

तिची तब्येत मी टोमण्यावर मोजतो. पयल्या म्हयन्यात टोमणा उंबऱ्यापतोर पुरायचा. मग हापशापतोर. मदी एकदा कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपतोर पुरला आन् मला रडू आलं. गिरणीवाला म्हणला, बायको बोलती म्हणून रडणारा पयला नवरा बघितला.

पण उजवीकडं, अगदी खाली, दोन बोटं अजून भरीव वाजतंय. डॉक्टरीण बाई म्हणली, आवरण जाड झालंय, तेवढं राहतं कधी कधी. तेवढंच राहिलं तर भ्यायचं न्हाय. वर सरकलं, ताप आला, तर त्याच दिवशी यायचं. म्हणून दर आयतवारी बायको पाठ फिरवून पाटावर बसती आन् म्हणती, "बघा, पिंप कुठवर आलंय." मी वरनं ठोकत येतो. ज्या आवाजाला पंचवीस वर्सं भ्यालो, तोच आता देवाकडं मागतो. पोकळ. पोकळ. पोकळ. आन् खालच्या रेघेवर थप.

परवाच्या आयतवारी तिला सकाळपासनं ढास व्हती. दोनदाच, पण कोरडी. म्या पंजा ठिवला, ठोकत खाली आलो. पोकळ. पोकळ. रेघेपाशी थप आला. रेघेवर का रेघेच्या वर, ते मला कळंना. पेन्सिल बोथट झालेली, मागच्या आयतवारी रेघ जाड मारलेली. तिच्या वरच्या कडंला थप हाय का खालच्या कडंला? पुन्यांदा ठोकलं. कान पाठीला लावला. सूतभराचा फरक. फरशीत सूतभर म्हणजे काय न्हाय. माणसात सूतभर म्हणजे किती, ते मला आता ठावं हाय.

"काय वाजतंय?" ती म्हणली.

म्या पेन्सिल कानामागं ठिवली. नवी रेघ मारली न्हाय.

"चपला घाल."

"आवं, आयतवार हाय."

"आयतवारी बी तिथं कुणी तरी असतंय. चपला घाल."

तिनं चपला घातल्या, पदर खवला, आन् उंबऱ्यातनंच सुरू केलं, "वीस दिवस मी बुडत व्हते तवा ह्या माणसाला काय फिकीर न्हाय आन् आज दोनदा ठसकलं तर लागले दवाखान्यात पळवायला, जन्मताना पाय आधी काढलं तेच बरं केलं, डोकं आधी काढलं असतं तर दायीनं आत ढकललं असतं..."

मी तिच्या मागं यष्टी स्टँडाकडं चालत व्हतो. हापसा गेला. गिरणी आली. टोमणा चालू व्हता. मी मान खाली घालून एकेक शब्द ऐकत व्हतो, कुठं तुटतोय ते बघत.